न सुटणारा प्रश्न सदोषच असतो काय?

परीक्षेंत एखादें उदाहरण सुटलें नाहीं, कीं विद्यार्थी प्रथम आपल्या बुद्धीला दोष देतो, आणि वर्गाबाहेर आल्यावर प्रश्नाला! कधीं कधीं त्याचें म्हणणें खरेंही असतें. वंध्यापुत्र गोरा कीं सांवळा, असें कोणी विचारल्यास प्रश्नच परत करावा. परंतु ज्याचें उत्तर मिळत नाहीं तो प्रत्येक प्रश्न याच जातीचा, हें मत आम्हांस मान्य नाहीं.

युक्लिडचें पांचवें गृहीतक घ्या. रेषेबाहेरील बिंदूंतून तिला एकच समांतर रेषा काढतां येते, या रूपानें तें विद्यार्थ्यांच्या परिचयाचें आहे. इतर गृहीतकांवरून तें सिद्ध करण्यासाठीं विद्वान् सुमारें दोन हजार वर्षें झटले. साकेरी या इटालियन जेझुइट धर्मगुरूनें १७३३ सालीं युक्लिडला निष्कलंक ठरविण्यासाठीं ग्रंथच लिहिला. पांचवें गृहीतक खोटें मानून तो पुष्कळ पुढें गेला. खरी विसंगति कांहीं हातीं लागेना. अखेर हें सरळ रेषेच्या स्वभावास सोडून आहे, असें म्हणून त्यानें समाधान मानलें. बिचाऱ्यास नवी भूमिति सांपडली होती, ती त्यानें टाकून दिली! हंगेरींत फार्कश बोल्याई यांनीं, स्वतः या प्रश्नापायीं पोळल्यामुळें, पुत्रास त्याच्या वाटेस जाऊं नको म्हणून कळकळीनें लिहिलें. (पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें.) पुत्र यानोश यानें ऐकलें नाहीं, त्याची नवी भूमिति १८३२ सालीं पित्याच्याच ग्रंथास परिशिष्ट म्हणून जोडली गेली. रशियांत लोबाचेव्हस्की यानें १८२९ पासूनच तशी भूमिति प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. पुढें १८६८ सालीं बेल्त्रामी यानें दाखविलें कीं, युक्लिडची भूमिति सुसंगत असेल तर ही दुसरीही सुसंगतच आहे. अर्थात् इतर गृहीतकांवरून पांचवें सिद्धही होत नाहीं व खोटेंही ठरत नाहीं.

येथें दोष प्रश्नाचा नव्हे. सामग्री अपुरी होती. मग सामग्री वाढवावी, असें कोणी म्हणेल. भूमितींत तें चाललें. परंतु कुर्ट गोडेल यानें १९३१ सालीं सिद्ध केलें कीं, ज्या सुसंगत पद्धतींत अंकगणित मांडतां येतें व जिच्या सिद्धता नियमांनीं तपासतां येतात, तींत सिद्ध वा असिद्ध न करतां येणारें विधान राहतेंच. तें गृहीत धरून घेतलें तरी दुसरें उभें राहतें. हीं विधानें साध्या पूर्णांकांविषयींचीं असतात. त्यांस वंध्यापुत्राच्या पंक्तीस कसें बसवावें?

म्हणून आमची सूचना अशी. दिलेल्या माहितीवरून हें ठरत नाहीं, असें जो विद्यार्थी सप्रमाण दाखवील, त्यास पूर्ण गुण द्यावे. नुसतें ‘सुटत नाहीं’ असें लिहिणाऱ्यास मात्र पूर्वीप्रमाणें शून्यच.