सांध्यालाही वापसा लागतो



आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. ठिबकची मेन लाईन गाडायची घाईही नेमकी याच दिवसांत होते. वर पावसाची भुरभुर, चारीत चिखल आणि फिटर म्हणतो, "आजच उरकून टाकू." असे जोडलेले सांधे ऊस कमरेला लागल्यावर सुटतात. मग उभ्या उसात खोदाई! खोदून पाहिले तर पुष्कळदा पाईप धडधाकट असतो, सुटलेला असतो तो सांधा. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, पाईपाच्या कंपनीची जेवढी चौकशी आपण करतो तेवढी सांध्याची करायला हवी.

आपण ज्याला सोल्युशन म्हणतो ते सरसासारखे नुसते चिकटत नाही. ते पी.व्ही.सी.चा पृष्ठभाग विरघळवून मऊ करते. पाईप आणि सॉकेट एकमेकांत मुरतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होतात. मध्ये पाण्याचा पातळ थर, दव वा चिखल राहिला तर हे मुरणे होत नाही. सांधा बाहेरून धरल्यासारखा दिसतो, आत मात्र कच्चा राहतो. दमट हवेत तो वाळायलाही दीडपट वेळ धरावा.

उन्हाची तऱ्हा वेगळी. चैत्र-वैशाखात भर दुपारी सोल्युशन लावता लावता वर साय धरते आणि मग सांधा मिळून येत नाही. शिवाय ६ मीटरचा पाईप १० अंशांच्या फरकाने सुमारे ४ ते ५ मिलिमीटर कमी-जास्त होतो. दुपारी जोडलेली लाईन रात्री आखडते आणि ओला सांधा ओढला जातो.

ओलीचे हे दुखणे फक्त आपल्या चारीतले नाही. एप्रिल १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोईंग ७३७ विमानाचे छत हवेत असतानाच उडाले व एक हवाई सेविका प्राणास मुकली. त्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे रिव्हेटांबरोबर चिकटद्रव्यानेही जोडलेले होते. चिकट सुटली, गंज चढला, भार रिव्हेटांवर आला आणि पत्र्याला चिरा गेल्या. असा सांधा चिकटवतानाच ओल राहिली तर तो टिकत नाही, हे त्यातून जगाला कळले. मग चिखलातल्या सांध्याने दहा वर्षे टिकावे ही अपेक्षा कशी धरायची?

सभासद म्हणतात, "साहेब, पाण्याची पाळी आलीय, थांबायचं कसं?" अडचण खरी आहे. ताकारी, म्हैसाळचे पाणी पंपांनी उचलून आपल्या तासगाव भागात येते. पाळी चुकली की ऊस सुकतो. पण पाणीपट्टी भरून आणलेले पाणी सांध्यातून जमिनीत मुरले, तर पाळी मिळून तरी काय उपयोग?

करायचे ते सोपे आहे. चारीतले पाणी आधी काढा. पाईपाचे टोक आणि सॉकेट कोरड्या फडक्याने पुसा. सोल्युशन दोन्हीकडे लावा, पाईप तळापर्यंत बसवून पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यातले सोल्युशन घट्ट, तारेसारखे झाले असेल तर फेकून द्या. एरवी २४ तास आणि पावसाळी हवेत दीड दिवस मोटार लावू नका. चारी कोरडी होतच नसेल तर रबर रिंगचे पाईप घ्या. त्यांना सोल्युशन लागत नाही. मात्र वळणावर काँक्रीटचा टेकू द्या.

यापुढे आमची एक सूचना आहे. फिटरची मजुरी सांध्यांच्या नगावर आणि त्याच संध्याकाळी चुकती करण्याची पद्धत बंद व्हावी. नगावर पैसे म्हटले की घाई आलीच. काही रक्कम पाणी सोडून लाईन तपासल्यावर द्यावी, आणि तोवर सांध्यांवर माती ओढू नये. सामाईक लाईनवर तर संस्थेने हा नियमच करावा, कारण तिथे एका सांध्यामुळे दहा जणांची पाळी बुडते.

जमिनीला वापसा आल्याशिवाय आपण शेतात औत घालत नाही. तेवढाच धीर सांध्याला द्यावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी