चोर सोडून संन्याशाला फाशी

सबमिशनच्या आदल्या रात्री दीड वाजता मी माझ्या रूम पार्टनरला जे काही बोललो, ते इथे छापता येणार नाही. संपादक मंडळ कात्री लावेल! पण ते का बोललो आणि कसं चुकलो, हे मात्र सांगायलाच हवं. कारण ही चूक आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर, दर सेमिस्टरला होते असं माझं मत आहे.

झालं असं, की इलेक्टिव्ह म्हणून आम्ही फंक्शनल प्रोग्रॅमिंग घेतलं होतं. भाषा हॅस्केल. मिनी प्रोजेक्ट साधा होता. मेसच्या हजेरीची फाइल वाचायची आणि कुठल्या रूमने महिन्यात किती ताटं घेतली ते काढायचं. फाइलच्या ओळी आणि ओळींचे शब्द पाडणारं फंक्शन माझं. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द, म्हणजे रूम नंबर, उचलणारं फंक्शन त्याचं. चार ओळींच्या फाइलवर सगळं झकास. पूर्ण महिन्याची फाइल दिली आणि प्रोग्रॅम आडवा! ‘हेड’ला रिकामी यादी मिळाली म्हणे. खाली कॉल स्टॅक, त्यात आमच्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. ओळ कुणाची? पार्टनरची. मग काय, पुरावा हातात आणि आरोपी समोरच्या कॉटवर.

पुरावा खरा होता. निकाल मात्र चुकला. हजेरीच्या फाइलच्या शेवटी एक कोरी ओळ राहिली होती. कोऱ्या ओळीचे शब्द पाडले की रिकामी यादीच मिळणार. ती ओळ गाळायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. पण स्टॅकमध्ये माझ्या फंक्शनचा पत्ताच नाही! चोर नामानिराळा आणि संन्यासी फासावर.

असं का होतं? कॉल स्टॅक म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांची चळत. ‘मेन’ने एकाला बोलावलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. ज्याचं काम संपलं त्याचं नाव चळतीतून जातं. त्यामुळे बिघडलेली व्हॅल्यू तयार करून परत गेलेलं फंक्शन सी किंवा जावातसुद्धा स्टॅकवर दिसत नाही. हॅस्केलमध्ये त्यात आणखी भर पडते ती लेझी इव्हॅल्युएशनची.

मेसचंच उदाहरण घ्या. समजा मामांनी सकाळी कणीक मळलीच नाही. ‘कुणी मागितल्या की पोळ्या करायच्या’ अशी चिठ्ठी डब्याला लावून ते मोकळे झाले. हॅस्केलमध्ये या चिठ्ठीला थंक म्हणतात. रात्री नऊला तुम्ही ताट घेऊन गेलात, पोळी मागितली, तेव्हा कुठे डबा उघडला. आत पीठच नाही. गोंधळ तुमच्या ताटापाशी झाला, कारण मागणारे तुम्ही. पीठ आणायला विसरलेला माणूस केव्हाच घरी जाऊन झोपला.

चालू प्रोग्रॅमचा स्टॅक हॅस्केलमध्ये असाच असतो. व्हॅल्यू कुणी मागितली ते तो सांगतो, कुणी तयार करायला ठेवली ते नाही. बरेचदा मागणारा निघतो सगळ्यात शेवटी बसलेला ‘प्रिंट’! शिवाय एखाद्या फंक्शनने शेवटचं काम म्हणून दुसऱ्याला बोलावलं, तर पहिल्याची नोंद चळतीत राहतच नाही.

म्हणूनच या भाषेत स्टॅक मिळणं ही सोपी गोष्ट नव्हती. हॅस्केलचा पहिला रिपोर्ट 1990चा. त्यानंतर कित्येक वर्षं ‘यादी रिकामी आहे’ एवढंच ऐकायला मिळायचं. कुठली यादी, कुठल्या ओळीवर, ते तुमचं तुम्ही शोधा. 2007 साली जीएचसी 6.8 मध्ये डीबगर आला. तो स्टॅकऐवजी शेवटच्या 50 पायऱ्यांचा इतिहास दाखवतो. 2009च्या हॅस्केल सिम्पोझियममध्ये ऑलवुड, पेटन जोन्स आणि आयझेनबाख यांनी जीएचसीसाठी स्टॅक ट्रेस कसा करावा यावर पेपर मांडला. 2016च्या जीएचसी 8.0 मध्ये ‘हॅजकॉलस्टॅक’ आलं. आम्ही त्या रात्री पाहिला तो स्टॅक याचाच.

याची गंमत अशी, की हा चालू प्रोग्रॅमचा स्टॅक नसतोच. फंक्शनच्या टाइपमध्ये तो शब्द लिहिला, की कुठल्या ओळीवरून बोलावलं तो पत्ता कंपायलर गुपचूप हातात देतो. मधल्या एका जरी फंक्शनच्या टाइपमध्ये तो नसला तरी धागा तिथेच तुटतो. पार्टनरच्या फंक्शनमध्ये तो नव्हता, म्हणून धागा त्याच्यापाशी संपला आणि तोच गुन्हेगार ठरला. पहाटे तीनला त्यानेच शांतपणे तो शब्द लिहिला. पुढच्या रनला स्टॅकमध्ये आणखी एक ओळ दिसली. ‘मेन’मधली, जिथे माझी यादी त्याच्या फंक्शनला दिली होती ती. तिथून माझ्या फंक्शनपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली. मान खाली घालायला तेवढीही नाही.

आता आमच्या वर्गातले पंडित म्हणतील, ‘टाइप बरोबर असले की हॅस्केलचा प्रोग्रॅम बरोबरच चालतो.’ बाबांनो, आमचे टाइप सगळे बरोबर होते! यादी आहे एवढं टाइप सांगतो, ती भरलेली आहे की रिकामी ते सांगत नाही. दुसरे म्हणतील, ‘हेड वापरायचंच कशाला? मेबी वापरा.’ हे मान्य. 2023च्या जीएचसी 9.8 पासून तर ‘हेड’ वापरलं की कंपायलरच वॉर्निंग देतो. पण ‘मेबी’ने फक्त प्रश्न समोर येतो. घाईत कुणी ‘नथिंग’च्या जागी शून्य नंबरची रूम टाकून दिली असती, तर प्रोग्रॅम न रडता चालला असता आणि नसलेल्या रूमच्या नावावर ताट चढलं असतं. त्यापेक्षा आडवा पडलेला प्रोग्रॅम बरा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की स्टॅक हा निकाल नाही, ती साक्ष आहे. साक्षीदाराला आपण काय विचारतो यावर सगळं अवलंबून. कोण ओरडलं, त्याला कुणी बोलावलं आणि बिघडलेली व्हॅल्यू मुळात आली कुठून, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर स्टॅकच्या डोक्यावर असतं. दुसऱ्यासाठी धागा जोडावा लागतो. तिसऱ्यासाठी कोड वाचावा लागतो, आणि आपण नेमकं तेच टाळतो. एरर आला की आपण काय करतो? स्क्रीन साफ करून पुन्हा रन करतो, किंवा शेजारच्या बॅचचा कोड मागतो.

दोष फक्त आपला नाही. ‘लेझी इव्हॅल्युएशन म्हणजे काय?’ याचं उत्तर व्हायवात सगळे घडाघडा म्हणतात. एरर वाचायला मात्र कुणी सांगत नाही, कारण मार्क आउटपुटला असतात. सर आणि मॅडमना नम्र विनंती, की प्रॅक्टिकलमध्ये पाच मार्क यासाठी ठेवा. मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम द्या, स्टॅक द्या आणि वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं जर्नलमध्ये लिहायला सांगा. चालणारा प्रोग्रॅम कॉपी करता येतो. हे कॉपी करायला निदान समजून तरी घ्यावं लागेल.

पार्टनरची माफी मी त्याच पहाटे तोंडी मागितली होती. ‘लेखी दे’ म्हणाला. ही घे.