पंधरा गुणांची किंमत: ऑस्ट्रेलियाच्या ‘रीजनल’ पीआरचा पूर्वेतिहास

१/
ऑस्ट्रेलियात ‘रीजनल’ मार्गाने पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क, मिळवण्याची चर्चा आपल्याकडच्या अभियंत्यांत, परिचारिकांत आणि आयटीतल्या मंडळींत नित्याची झाली आहे. सल्लागारांच्या जाहिराती याला ‘सोपा रस्ता’ म्हणतात. ज्यांना तो लाभला ते ‘गुणवत्तेचे फळ’ म्हणतात. माझ्या मते दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी आजची व्यवस्था पाहू. या मार्गाचा व्हिसा क्रमांक ४९१, मुदत पाच वर्षे. त्यासाठी राज्य सरकारचे नामांकन किंवा ‘रीजनल’ भागात राहणाऱ्या पात्र नातलगाचे प्रायोजकत्व लागते. शिवाय वय ४५ च्या आत, कौशल्याचे मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा आणि गुणतक्त्यावर किमान ६५ गुण.

३/
व्हिसासोबत एक अट येते: राहणे, काम करणे, शिकणे, सारे ‘रीजनल’ भागातच. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वर्ज्य. ‘रीजनल’ म्हणजे ओसाड वाळवंट असे मात्र समजू नये. ॲडलेड, कॅनबेरा आणि पर्थसुद्धा आज त्यात मोडतात. अशी तीन वर्षे काढून, तीन वर्षांची करआकारणीची कागदपत्रे जोडली की १९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करता येतो. तोवर कुशल स्थलांतरितांसाठीचे पीआरचे बहुतेक अन्य दरवाजे बंद.

४/
याआधीच्या तुकडीला ८८७ क्रमांकाच्या व्हिसातून पीआर मिळे. त्यासाठी ‘रीजनल’ भागात दोन वर्षे वास्तव्य आणि एक वर्ष पूर्णवेळ काम पुरेसे होते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी ४९१ सुरू झाला आणि नव्या अर्जदारांसाठी दोनाची तीन वर्षे झाली.

५/
आता गुणतक्ता एखाद्या मूळ दस्तऐवजासारखा वाचू. दस्तऐवज स्वतःविषयी काय म्हणतो यापेक्षा तो कशाला किती वजन देतो, हे पाहावे.
पदवी किंवा पदव्युत्तर पदवी: १५ गुण.
डॉक्टरेट: २० गुण.
वय २५ ते ३२: ३० गुण.
‘रीजनल’ नामांकन किंवा प्रायोजकत्व: १५ गुण.

६/
शेवटच्या आकड्यापाशी थांबा. बेंडिगोत किंवा टूवुम्बात राहायला ‘हो’ म्हटल्याने कोणी अधिक चांगला अभियंता होत नाही. तरीही त्या होकाराला पदवीइतकेच वजन आहे. त्याअर्थी हे १५ गुण कौशल्याचे मोजमाप नाहीत. अर्जदार तीन वर्षांसाठी आपले संचारस्वातंत्र्य सोडतो, त्याचा तो मोबदला आहे. तिशीतल्या वयाला डॉक्टरेटच्या दीडपट गुण मिळतात, त्यामागेही हाच हिशेब: पुढे कर भरण्याची वर्षे किती उरली?

७/
राज्यसंस्थेने आपली गरज मोजावी, यात गैर काही नाही. त्या मोजणीला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो, हे गैर आहे. मराठीत ‘गुण’ म्हणजे सद्गुण आणि ‘गुण’ म्हणजे मार्कही. ही गफलत भाषेतच दडलेली असल्याने ती आपल्याला जाणवत नाही.

८/
आता इतिहास. १९०१. ऑस्ट्रेलियन संघराज्य जन्मले त्याच वर्षी ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट’ आला. त्यात वंशाच्या आधारे बंदी घालणारे कलम नव्हते. होती ती श्रुतलेखनाची परीक्षा: अधिकारी एखाद्या युरोपीय भाषेत ५० शब्द वाचणार, आगंतुकाने ते लिहायचे. भाषा कोणती, हे अधिकारीच ठरवणार. ही युक्ती नाताळ वसाहतीतून आली होती. तिथे १८९७ चा कायदा मुख्यत्वे भारतीयांना रोखण्यासाठीच केला गेला होता.

९/
१९३४ साली एगोन किश हा प्रागचा पत्रकार, फॅसिझमचा विरोधक, ऑस्ट्रेलियात पोचला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून परीक्षा घेतली स्कॉटिश गेलिकमध्ये. तो अर्थातच ‘नापास’ झाला. पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ही भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा ठरत नाही असा निर्णय दिला आणि सरकारची शोभा झाली. परीक्षा रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

१०/
आजचा गुणतक्ता तसा आहे, असे मी म्हणत नाही. त्यातले निकष जाहीर आहेत आणि सर्वांना सारखे आहेत. एवढेच ध्यानात ठेवावे की ‘क्षमतेची कसोटी’ या नावाखाली राज्यसंस्था काय मोजते, हे प्रत्येक काळात स्वतंत्रपणे तपासावे लागते.

११/
१९०१ मध्येच दुसरा कायदा झाला: ‘पॅसिफिक आयलंड लेबरर्स ॲक्ट’. १८६३ पासून क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर प्रशांत महासागरातील बेटांवरून मजूर आणले जात होते; काही फसवून, काही पळवून, काही करार करून. १८८० च्या दशकात क्वीन्सलंडच्या कायद्यांनी त्यांना उष्णकटिबंधीय शेतीपुरतेच मर्यादित केले. शहरातले काम त्यांना मना. नव्या राष्ट्राने त्यांची भरती थांबवली आणि १९०६ पासून हजारोंना परत धाडले. मळे ज्यांनी उभे केले त्यांचे वास्तव्य तात्पुरतेच मानले गेले होते.

१२/
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. लोकसंख्या वाढली नाही तर देश टिकणार नाही, अशी हाकाटी सुरू झाली. १९४५ साली आर्थर कॉलवेल पहिले इमिग्रेशन मंत्री झाले. त्यांच्या काळात दोन योजना शेजारी शेजारी चालल्या. आजचा ४९१ समजून घ्यायचा तर या दोन योजनांची तुलना करावी.

१३/
पहिली योजना ब्रिटिशांसाठी. प्रौढ माणसाने फक्त दहा पौंड भरायचे, उरलेला प्रवासखर्च सरकारचा. अट एक: दोन वर्षे देशात राहा, नाहीतर भाड्याचे पैसे परत करा. कुठल्या शहरात राहावे, कुठली नोकरी करावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

१४/
दुसरी योजना युरोपातील निर्वासित छावण्यांमधल्या बाल्टिक, पोलिश, युक्रेनियन वगैरे विस्थापितांसाठी. १९४७ पासून पुढच्या काही वर्षांत असे सुमारे १,७०,००० लोक आले. त्यांनी दोन वर्षांचा करार करायचा: सरकार सांगेल तिथे, सरकार सांगेल ते काम. कागदावर पुरुष ‘मजूर’, स्त्रिया ‘घरकामगार’. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, अभियंते होते. त्यांच्या पदव्यांना मान्यता नव्हती. नवरा एका गावी, बायकामुले दुसऱ्या छावणीत, हेही सर्रास घडे.

१५/
दोन्ही योजना एकाच सरकारच्या, एकाच मंत्र्याच्या. मुदतही एकच, दोन वर्षे. पण ब्रिटिश माणूस देशाला बांधलेला होता आणि करार मोडला तर त्याला शिक्षा पैशांची होती. विस्थापित मात्र जागेला आणि कामाला बांधलेला होता. ज्याला सरकार आपला मानत होते, त्याच्यावर जागेचे बंधन नव्हते.

१६/
१९४९ मध्ये सुरू झालेला स्नोई पर्वतातला जलविद्युत प्रकल्प १९७४ मध्ये पुरा झाला. एक लाखाहून अधिक माणसे तिथे राबली, त्यांत बहुसंख्य स्थलांतरित. १२१ जणांचा बळी गेला. आज तो राष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे आणि तसा असावाही. फक्त अभिमानाच्या भाषणांत त्या दोन वर्षांच्या कराराचाही उल्लेख व्हावा.

१७/
आणि आपण? युरोपीय नसलेल्यांना १९५७ मध्ये नागरिकत्वाची वाट उघडली, ती १५ वर्षांच्या वास्तव्यानंतर. युरोपीयांना पाच वर्षे पुरत. हा भेद १९६६ मध्ये गेला. वंशाधारित धोरणाला पूर्णविराम मिळाला १९७३ मध्ये. म्हणजे प्रतीक्षेची लांबी हे राज्यसंस्थेच्या हातातले जुने हत्यार आहे.

१८/
आता एक खरे मराठी नाते. मॉरिशसमध्ये १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. पाच वर्षांचा करार संपलेल्यांना ‘जुने स्थलांतरित’ म्हणत. कागदोपत्री ते स्वतंत्र होते.

१९/
१८६७ च्या कायद्याने या स्वतंत्र माणसांवर छायाचित्रासह परवाना बाळगण्याची सक्ती आली. आपल्या जिल्ह्याबाहेर योग्य परवान्याविना सापडला की तो ‘भटक्या’ ठरे आणि अटक होई. परिणाम काय झाला? मळेवाल्याशी मजुरीची घासाघीस करण्याची ताकदच संपली, कारण अटक टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे पुन्हा करारावर अंगठा उठवणे. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ जणांनी याविरुद्ध अर्ज केला. राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला आणि पोलिसांचे अत्याचार नोंदले गेले.

२०/
इथे काहीजण लगेच म्हणतील, “म्हणजे ४९१ ही नवी गिरमिटच!” ही तुलना मला मान्य नाही. ४९१ वाल्याला मालक बदलता येतो, किमान वेतनाचा कायदा त्याला लागू असतो, तो केव्हाही मायदेशी परतू शकतो. कामावर गैरहजर राहिला म्हणून त्याला तुरुंगात टाकत नाहीत. गिरमिटियांच्या यातना अशा स्वस्तात वापरणे हा त्यांचा अपमान आहे.

२१/
पण एक धागा समान आहे, तो जागेचा. छोट्या शहरात तुमच्या व्यवसायाचे दोन-तीनच मालक असतील, तर भूभागाला बांधणे आणि मालकाला बांधणे यांतले अंतर फारच थोडे उरते. पगार कमी दिला, कामाचे तास वाढवले, तरी माणूस सिडनीची नोकरी धरू शकत नाही. आणि त्याला हे सोसावे लागेल, हे मालकालाही ठाऊक असते.

२२/
आक्षेप पहिला: “स्वखुशीने सही केली ना? मग तक्रार कसली?” सही स्वखुशीची असली म्हणून अटी न्याय्य ठरत नाहीत. तसे असते तर जगातला एकही कामगार कायदा झाला नसता.

२३/
आक्षेप दुसरा, अधिक वजनदार: “छोट्या शहरांना परिचारिका, शिक्षक, अभियंते हवेतच. ते आणायचे कसे?” गरज खरी आहे. आपल्याकडेही एमबीबीएस झालेल्यांना ग्रामीण सेवेचा बाँड असतो आणि त्यामागचा हेतू रास्त आहे. पण बाँड मोडणारा डॉक्टर दंड भरतो. त्याला कोणी देश सोडायला सांगत नाही. ४९१ ची अट मोडली तर व्हिसाच रद्द होऊ शकतो आणि पीआरची वाट बंद होते.

२४/
म्हणून माझा मुद्दा एवढाच: ऑस्ट्रेलियाने ‘दहा पौंडवाल्यांना’ जी वागणूक दिली तीच कुशल स्थलांतरितांना द्यावी. पीआर आरंभीच द्या, ‘रीजनल’ भागात राहण्याचे बंधन हवे तर दोन वर्षांचे घाला आणि ते मोडल्यास पैशांचा दंड करा. ही कल्पना स्वप्नाळू नाही. त्याच देशाने ती काही दशके राबवली आहे, फक्त आपल्या वाटणाऱ्या माणसांसाठी.

२५/
तो भेद आता मिटला, असेही समजू नये. वर्किंग हॉलिडेवर आलेल्या तरुणांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर ठरावीक भागात ठरावीक काम करावे लागते. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टधारकांना यातून सूट मिळाली. कारण व्यापार करार. वंशाचा प्रश्न त्यात नाही, हे मान्य. पण जागेचे बंधन कोणासाठी सैल होते, याचे उत्तर मात्र जुनेच निघाले.

२६/
जे या वाटेने गेले वा जाणार आहेत, त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट त्यांनी दिलेली किंमत ‘सोपा रस्ता’ या दोन शब्दांत झाकली जाते, हीच माझी तक्रार आहे. अर्ज करणाऱ्याने एवढे करावे: पदवी, वय, इंग्रजी यांचे गुण एका रकान्यात लिहावेत आणि ते १५ गुण वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यावर शीर्षक द्यावे, ‘विकलेली तीन वर्षे’. मग सौदा परवडतो का, ते ठरवावे. कित्येकांना तो परवडेलही.

२७/
प्रतिवादाचे स्वागत आहे. तपशिलातली दुरुस्ती असेल तर अवश्य कळवावी. पुढचा धागा मॉरिशसमधल्या मराठी वस्तीवर लिहीन. इति.