निर्मात्याला लेखकाच्या मापाने मोजताना

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये ती थांबली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. एवढ्या दीर्घ प्रवासात नायकाची भूमिका करणारे नट बदलले, लेखक बदलले आणि निर्मातेही बदलले. तिच्या अभ्यासकांनी मग तिचा इतिहास राजवटींचा इतिहास लिहावा तसा लिहिला: बॅरी लेट्स यांचा काळ, फिलिप हिंचक्लिफ यांचा काळ, जॉन नेथन-टर्नर यांचा काळ. काळ ठरले की क्रमवारी आलीच. कोणत्या निर्मात्याच्या नावावर उत्तम कथा अधिक, याचे हिशेब मांडले जातात आणि बहुधा हिंचक्लिफ यांना अग्रस्थान मिळते.

तुलना करूच नये, असे माझे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो मापाला. निर्मात्याच्या कारकिर्दीतील कथा म्हणजे त्याची ग्रंथसंपदा, असे आपण नकळत गृहीत धरतो. लेखकाला लावायचे माप निर्मात्याला लावतो आणि त्यात दोघांवरही अन्याय होतो.

हिंचक्लिफ यांचेच उदाहरण घेऊ. १९७५ ते १९७७ या काळात त्यांनी सोळा कथा निर्माण केल्या. त्यांतील 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' (१९७५) ही मालिकेतील श्रेष्ठ कथांमध्ये गणली जाते. ती लिहिली टेरी नेशन यांनी; दिग्दर्शन डेव्हिड मलोनी यांचे. डालेक या यांत्रिक शत्रूंच्या जन्माची कथा लिहा, ही सूचना मात्र नेशन यांना आधीचे निर्माते लेट्स यांच्या कार्यालयातून मिळाली होती. पटकथा-संपादक होते रॉबर्ट होम्स. एवढेच नव्हे, त्या कथेतील नायक टॉम बेकर यांची निवडही लेट्स यांचीच. मग ही कथा कोणाच्या खात्यात जमा करायची? हिंचक्लिफ यांनी तिला जो काळोख आणि जे गांभीर्य दिले ते त्यांचे खरेच. पण बी दुसऱ्याचे होते.

आणि लेट्स यांनाही वारसा मिळालाच होता. १९६९ साली डेरिक शेर्विन यांच्या काळात नायकाला पृथ्वीवर हद्दपार करण्यात आले. अवकाश आणि काळ मुक्तपणे ओलांडणाऱ्या पात्राला एका ग्रहावर जखडण्यामागे खर्चाचा विचार मोठा होता. या बंधनात दोनच प्रकारच्या कथा संभवतात, असे वाटण्याजोगी स्थिती होती: परग्रहावरून आक्रमण किंवा माथेफिरू शास्त्रज्ञ. लेट्स, त्यांचे पटकथा-संपादक टेरन्स डिक्स आणि लेखक माल्कम हल्क यांनी यातून तिसरी वाट काढली. १९७० च्या सिल्युरियनांच्या कथेत येणारे प्राणी परके नाहीतच. ते माणसाच्या आधीपासूनचे पृथ्वीचे मालक आहेत. आक्रमक कोण, हा प्रश्नच त्यामुळे उलटा फिरला. ही निर्मितीची खरी कामगिरी. आणि श्रेयनामावलीवरून ती मोजता येत नाही.

निर्मात्याचे काम पुष्कळदा परवानगीच्या स्वरूपाचे असते. पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट मालिका सुरू झाली तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शन त्यांनी लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांच्याबरोबर सिद्धीस नेले. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मालिकेत बटबटीत राक्षस नको होते. डालेकांची संहिता लॅम्बर्ट यांनी त्यांच्यासमोर नेटाने उचलून धरली, आणि दुसरी संहिता तयारही नव्हती. त्या डालेकांनीच मालिकेला लोकप्रियता मिळवून दिली. १९६६ मध्ये इनेस लॉइड निर्माते असताना विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा नायकाचे शरीरच बदलून त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांना आणण्याचा निर्णय झाला. लॅम्बर्ट आणि लॉइड यांची नावे लेखक म्हणून कुठे येत नाहीत. तरी मालिकेचे आयुष्य या दोन निर्णयांवर उभे आहे.

लोकप्रियतेचे माप तर आणखी फसवे. १९७९ मधील 'सिटी ऑफ डेथ' या कथेचा शेवटचा भाग एक कोटी एकसष्ट लाख प्रेक्षकांनी पाहिला. त्या वेळी प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती. याच कथेची दुसरी गंमत अशी की लेखक म्हणून झळकणारे डेव्हिड अ‍ॅग्न्यू हे टोपणनाव होते. डेव्हिड फिशर यांच्या मूळ कल्पनेवरून ती निर्माते ग्रॅहम विल्यम्स आणि पटकथा-संपादक डग्लस अ‍ॅडम्स यांनी लिहून काढली होती. लेट्स यांनीही टोपणनावाआड लेखन केले. निर्मात्याने स्वतःच्या मालिकेसाठी लिहिणे तेव्हा प्रशस्त मानले जात नसे. दोन खुर्च्या वेगळ्या होत्या आणि त्या वेगळ्या राहाव्यात, असा संकेत होता.

नेथन-टर्नर यांची कारकीर्द या वेगळेपणाचा पुरावाच आहे. १९८० ते १९८९ अशी जवळजवळ दहा वर्षे निर्माता एकच. पण क्रिस्टोफर बिडमीड यांच्या संपादनातील शास्त्रीय कोरडेपणा, एरिक सॉवर्ड यांच्या काळातील हिंसक निराशा आणि अँड्रू कार्टमेल यांच्याबरोबर आलेले तरुण लेखकांचे धाडस ही एका कर्त्याची शैली म्हणून वाचताच येत नाही. अर्थात, मग निर्माता जबाबदारच नाही का? आहे. सॉवर्ड यांना दीर्घकाळ ठेवले ते नेथन-टर्नर यांनीच आणि कार्टमेल यांना आणलेही त्यांनीच. दोष आणि गुण दोन्ही निवडीचे आहेत.

२००५ नंतर चित्र पालटले. रसेल टी डेव्हिस यांच्यापासून मुख्य लेखक आणि कार्यकारी निर्माता एकच झाला. पहिल्या वर्षीच्या तेरा भागांपैकी आठ डेव्हिस यांनी स्वतः लिहिले, तेही स्वतःच्या नावाने. आता तरी लेखकाचे माप योग्य ठरावे? मला तसे वाटत नाही. स्टीव्हन मॉफट यांना २००६, २००७ आणि २००८ या सलग तीन वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाले ते डेव्हिस यांच्या काळातील पटकथांसाठी. 'ब्लिंक'मधील दगडी देवदूत मॉफट यांचे. पण नायक जेमतेम दिसतो असा भाग होऊ देणारी व्यवस्था डेव्हिस यांची. क्रिस चिबनॉल यांची चर्चा बहुधा 'द टाइमलेस चिल्ड्रन' (२०२०) या त्यांच्या स्वतःच्या, नायकाचा पूर्वेतिहास बदलून टाकणाऱ्या कथेभोवती फिरते. त्यांच्याच काळात विनय पटेल यांनी लिहिलेली 'डीमन्स ऑफ द पंजाब' (२०१८) आली. ऑगस्ट १९४७, नव्या सीमारेषेवरचे एक हिंदू-मुस्लिम लग्न, आणि परग्रहवासी केवळ एकाकी मरणाऱ्यांचे साक्षीदार. घात होतो तो घरातल्याच माणसाकडून. आक्रमणाच्या साच्याला इतक्या संयमाने नकार देणारी कथा चिबनॉल यांच्या नावावर लिहायची नसेल, तर दोषही सगळे त्यांच्याच नावावर लिहिता येणार नाहीत.

आपल्या परिचयातली सर्वांत जवळची उपमा संपादकाची आहे. नियतकालिकाच्या संपादकाला आपण त्याच्या स्वतःच्या कथांवरून जोखत नाही. त्याने कोणाला लिहिते केले, काय परत पाठवले आणि नंतरच्या संपादकाच्या हाती काय ठेवले, हे पाहतो. निर्मात्यांची तुलना याच तीन प्रश्नांवर व्हावी. त्या मापाने माझ्या मते लेट्स हिंचक्लिफ यांच्या पुढे जातात. कारण हिंचक्लिफ यांच्या यशाचा पायाच त्यांनी घातलेला दिसतो.

प्रश्न एका ब्रिटिश मालिकेपुरता नाही. साहित्याचे शिक्षण आपल्याला प्रत्येक कृतीमागे एक नाव शोधायला शिकवते. नाटक, चित्रपट, मालिका यांच्याकडे वळतानाही आपण तेच नाव शोधतो, आणि न सापडल्यास श्रेयनामावलीत ज्याचा हुद्दा मोठा त्याला कर्ता ठरवून मोकळे होतो. सोय होते खरी; पण ज्यांनी नुसते 'लिहा' म्हटले, त्यांचे काम त्यात दिसेनासे होते.