हिंदूराव गेल्यानंतर

डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ या चित्रपटाला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यांचाच ‘सिंहासन’ १९७९ चा. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. मळीचा वास अंगवळणी पडलेल्या राहुरीसारख्या गावातील प्रेक्षक त्या काळी हे चित्रपट पाहून बाहेर पडले, ते मनात काही अपेक्षा घेऊनच. त्या अपेक्षांचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

‘सामना’ला जाताना बहुतेकांची अपेक्षा होती ती ठराविक ग्रामीण चित्रपटाची: दुष्ट पाटील, फडावरची लावणी आणि अखेरीस सत्याचा विजय. प्रत्यक्षात पडद्यावर आला तो साखर कारखान्याच्या बळावर गावाचा अन्नदाता बनलेला हिंदूराव धोंडे पाटील. त्याच्यासमोर उभा राहिला तो दारूच्या आहारी गेलेला एक परागंदा मास्तर. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी तो एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि त्या प्रश्नापुढे हिंदूरावाचे साम्राज्य डळमळू लागते. निर्भयपणे विचारलेला एक प्रश्न सत्तेला पुरून उरतो, असा विश्वास घेऊन प्रेक्षक घरी परतला.

‘सिंहासन’ने हा विश्वास काढून घेतला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात हिंदूराव साकारणारे निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले, तर मास्तर रंगविणारे डॉ. श्रीराम लागू सत्तेसाठी डाव टाकणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. दिगूला सारे ठाऊक आहे. तथापि त्या ज्ञानाने काहीही बदलत नाही. खुर्च्यांची फेरमांडणी होते आणि जाणकार माणसाच्या वाट्याला वेडसर हसू तेवढे उरते.

या दोन चित्रपटांपैकी खरा कोणता, हा वाद आपल्याकडे बराच काळ चालला. वस्तुतः अहिल्यानगर जिल्ह्याने जे वास्तव अनुभवले, ते दोघांनीही दाखविले नव्हते. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या अखेरीस तेथे गाळप सुरू झाले. ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक, ही त्या प्रयोगामागील अपेक्षा. त्याच मार्गाने राहुरीतही सहकारी कारखाना आला. १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ येथे वसले; मुळा धरणाचे पाणी शेतात आले. तालुक्याला आता काय उणे, असे वाटावे अशीच ती वर्षे होती.

चित्रपटांनी धास्ती घेतली होती ती कारखान्याच्या अफाट सामर्थ्याची. राहुरीकरांनी पाहिली ती त्याची दुर्बलता. कर्जाच्या ओझ्याखाली कारखान्याचे हंगामच्या हंगाम बंद गेले, कामगारांचे वेतन थकले, सभासदाचा ऊस दुसऱ्याच्या काट्यावर जाऊ लागला. धुराडे थंड पडलेला कारखाना तेंडुलकरांच्याही कल्पनेत आला नव्हता. खलनायक दूर झाला की संस्था आपली होईल, ही प्रेक्षकाची भाबडी समजूत होती. माणसे बदलली, ताळेबंदातील तूट राहिली.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते. खासगी कारखाने आहेत, ऊस शिल्लक राहत नाही, मग सहकाराचा शोक कशासाठी? राज्यात अलीकडे हंगामाला सुमारे २०० कारखाने चालतात आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास खासगी आहेत, हे खरेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत किमान दर देण्याचे बंधनही दोघांवर सारखेच आहे. परंतु खासगी कारखान्याच्या दारात शेतकरी केवळ विक्रेता असतो. तो दर विचारू शकतो. कर्ज कशासाठी काढले, हे विचारू शकत नाही. तो अधिकार सभासदाचा. सहकारी कारखाना बुडतो तेव्हा साखरेबरोबर हा अधिकारही बुडतो.

आणि तो अधिकार आपण किती वापरला? वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटण्यापूर्वीच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर करणारे कोणी परके नव्हते. त्या गजरात शिक्षकाचा बाप होता, कारकुनाचा भाऊ होता, आज महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा आजाही होता.

‘सामना’तील मास्तर गावचा नव्हता, ही गोष्ट आज विशेष जाणवते. प्रश्न विचारायला कोणी तरी बाहेरून येईल, अशी अपेक्षा त्या चित्रपटाने नकळत आपल्याला लावली. तसा मास्तर राहुरीत आला नाही, येणारही नाही. ज्याच्या घरात भागाचा दाखला आहे आणि ज्याला ताळेबंद वाचता येतो, त्यानेच आता सभेत उभे राहावयास हवे.