झांझिबारचा सूर, मुंबईची तबकडी

फेब्रुवारी लागला की झांझिबारच्या स्टोन टाउनमधील जुन्या किल्ल्यात रंगमंच उभा राहतो आणि ‘साउती झा बुसारा’ या संगीत महोत्सवाला गर्दी लोटते. २००४ साली सुरू झालेल्या या उत्सवात आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातले वादक येतात. दारेसलामच्या वस्त्यांत जन्मलेले, ऐकणाऱ्यालाच धाप लागावी इतके वेगवान ‘सिंगेली’ येथे वाजते आणि त्याच रंगमंचावर कानून, ऊद, व्हायोलिन घेऊन झांझिबारचा घरचा ‘तारब’ही ठाण मांडतो. आयोजकांचा एक दंडक आम्हाला विशेष भावतो. जे वाजेल ते तेथे, त्या क्षणी, माणसांनीच वाजवलेले हवे. मुद्रित साथीवर ओठ हलवणाऱ्याला प्रवेश नाही. हा दंडक आपल्याकडच्या पुरस्कार सोहळ्यांना लावला तर किती सोहळे उरतील, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा.

महोत्सव स्वतःला आफ्रिकी म्हणवतो आणि त्याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. तरीही तारब प्रथमच ऐकणारा बुचकळ्यात पडतो. हे सूर कैरोचे वाटतात, मधूनच एखादी चाल आपल्या जुन्या चित्रपटातली वाटते आणि शब्द मात्र स्वाहिली. यात नवल नाही. हिंदी महासागरात वर्षातून दोनदा वारे दिशा बदलतात. त्या वाऱ्यांच्या भरवशावर अरब, कच्छी, कोकणी गलबते शतकानुशतके ये-जा करीत होती आणि मालाबरोबर गाणीही चढत-उतरत होती. झांझिबारचा सुलतान बरगश गादीवर आला १८७० मध्ये. त्यापूर्वी, भावाविरुद्धचे बंड फसल्यावर, ब्रिटिशांनी त्याला मुंबईत हद्दपार करून ठेवले होते. पुढे याच शौकीन सुलतानाने आपला माणूस कैरोला कानूनवादन शिकायला पाठवला, असे तारबचा इतिहास सांगतो. झांझिबारच्या सुलतानांच्या पदरी गोव्याच्या वादकांचा बँडही होता. म्हणजे दरबारात अरबी गाणे, बाहेर गोवेकरांचा बँड आणि खाडीपलीकडच्या ‘न्गाम्बो’ या गरीब वस्तीत ढोल.

ही भिंत पाडली ती एका बाईने. सिती बिंती साद ही १८८०च्या आसपास फुंबा या खेड्यात गुलामगिरीतून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मली. मुलीचे पाळण्यातले नावच ‘गुलाम’ या अर्थाचे होते. आईने घडवलेली मडकी ही मुलगी गावोगाव हिंडून, हाळी देत विकायची आणि गळा तयार झाला तो त्या हाळ्यांवर, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती शहरात आली. झांझिबारमधली गुलामगिरी १८९७ मध्ये कायद्याने संपली होती, पण समाजाच्या मनातून ती इतक्या लवकर कशी जाणार? तोवर तारब अरबीत गायला जाई आणि वाड्यांत ऐकला जाई. सितीने तो स्वाहिलीत आणला, म्हणजेच मोलकरणीला, हमालाला, कोळ्याला कळेल असा केला. तिचे ‘किजिती’ हे गाणे एका बाईच्या खुनावर आहे. खुनी पळून गेला आणि कायद्याचा बडगा उलट तिच्याबरोबरच्या बायकांवरच बसला, ही त्यातली चीड. दरबारी वाद्यांवर न्यायालयाचे वाभाडे निघत होते आणि तेही वसाहतीच्या काळात.

आता आपल्या शहराचा भाग. १९२८ साली सिती आणि तिचे साथीदार आगबोटीने मुंबईत आले आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी त्यांनी आपली गाणी मुद्रित केली. स्वाहिली गाण्याच्या अगदी पहिल्या तबकड्या या. त्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भराभर खपल्या. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते चहाच्या दुकानात बसून ऐकत. आफ्रिकी संगीताच्या इतिहासातला हा एवढा मोठा प्रसंग मुंबईत घडला. पण मुंबईच्या संगीताच्या गप्पांत त्याचा उल्लेख क्वचितच निघतो. पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी झांझिबारचा, हे मात्र आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

देवाणघेवाण पुढेही थांबली नाही. मोम्बासात जुमा भालो हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीने हिंदी चित्रपटांच्या चालींवर स्वाहिली काव्य गात असत आणि श्रोते त्यावर जीव टाकत. याला नक्कल म्हणून नाक मुरडणारे शुद्धतावादी तिकडेही आहेत. आमच्या मते त्यांचे चुकते. चाल कुठून आली यापेक्षा तिच्यात कोणाचे दुःख घातले गेले, यावर गाणे कोणाचे ते ठरते. नाट्यसंगीताला पारशी रंगभूमीच्या चाली चालल्या, तेव्हा आपणही हेच म्हटले होते.

सितीला ऐकत वाढलेली बी किदुदे हीच परंपरा घेऊन ‘साउती झा बुसारा’च्या रंगमंचावर उभी राहिली. वयात येणाऱ्या मुलींना संसाराची समज देणारी उन्यागोची गाणी कमरेला ढोल बांधून म्हणणारी ही म्हातारी २०१३ साली गेली, तेव्हा तिच्या नेमक्या वयाबद्दल एकमत नव्हते.

या उत्सवाची एक बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. २०१६ साली पैशाअभावी तो भरलाच नाही. परदेशी देणगीदार आणि पर्यटक यांच्या आधारावर चालणाऱ्या उत्सवाचे असे होते. देणगीदाराचा अग्रक्रम बदलला की ढोल गप्प. किल्ल्याशेजारचा बरगशने बांधलेला ‘बैत अल अजैब’ हा प्रासादही डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती सुरू असतानाच अर्धवट कोसळला. दरवर्षी हजारो पर्यटकांना वारसा दाखवणाऱ्या सरकारांनी त्याची निगाही स्वतःच्या तिजोरीतून राखायला हवी, ही अपेक्षा जास्त नाही. आणि हे आपल्या किल्ल्यांकडे पाहून म्हणायला आम्हालाही जड जाते.

मुंबईत काळा घोडा महोत्सवही साधारण ‘साउती झा बुसारा’च्याच सुमारास भरतो. झांझिबारचा एखादा तारबसंच तेथे बोलवायला फार मोठी तिजोरी लागणार नाही. २०२८ मध्ये सितीच्या त्या ध्वनिमुद्रणाला शंभर वर्षे होतील. महापालिकेने आणि महोत्सवाच्या आयोजकांनी पत्रव्यवहार आजच सुरू करावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत पहिले नाव ‘किजिती’चे असावे.