तकाकी बाहेरची, कल्हई आतली

सणासुदीच्या तोंडावर माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. काळवंडलेली घागर, हिरवट डाग पडलेले पातेले, पोचे आलेला गडवा पाहिला की यंत्रावर पॉलिश करून सारे नव्यासारखे करून आणावे, असे मनात येते. तसे करण्यापूर्वी जुन्या भांड्यात जपण्यासारखे काय आहे, याचा थोडा विचार केलेला बरा.

लोधीखेड्याच्या परिसरातील घरांना हा विषय परका नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत या गावाची नोंद तांब्यापितळेच्या उत्तम भांड्यांसाठी झालेली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि त्याच रस्त्यावरचे लोधीखेडे मध्य प्रदेशात राहिले. २०२३ पासून ते पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. राज्य बदलले, जिल्हा बदलला. परंतु भांड्यांच्या काठावर घातलेली नावे तशीच राहिली. भांडे कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या निमित्ताने दिले, हे त्या चार अक्षरांत असते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाजवळ पुष्कळदा आजी-पणजीच्या नावाचा एवढाच लेखी पुरावा उरतो. फिरत्या चाकावरची पॉलिश धातूचा पातळ थर काढून टाकते, आणि त्यात उथळ अक्षरे सर्वांआधी जातात. म्हणून पहिले काम घासण्याचे नव्हे, वाचण्याचे आहे. नावावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी; अक्षरे उमटतात. तो कागद तारीख घालून जपून ठेवावा.

मग स्वच्छतेकडे वळावे. प्रथम कोमट पाणी आणि रिठा यांनी तेलकटपणा घालवावा. त्यानंतर चिंचेचा कोळ किंवा लिंबू-मीठ लावून मऊ फडक्याने हलकेच चोळावे आणि दोन-चार मिनिटांतच भांडे धुऊन टाकावे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. ते आंबटात फार वेळ राहिले, तर जस्त आधी विरघळते आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उमटतात. विटकर, वाळू आणि सँडपेपर नावाच्या जागी मुळीच वापरू नयेत. धुतलेले भांडे लगेच कोरडे पुसावे. नुसते शोभेसाठी मांडायचे असेल, तर बाहेरून मेणाचा पातळ हात द्यावा. तकाकी पुष्कळ दिवस टिकते.

धातू उजळणे हे अर्धे काम. उजळलेला धातू झाकणे हे उरलेले अर्धे. जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी मंडळींनाही हाच नियम पाळावा लागतो. त्यांतील काही मोटारींची चाके मॅग्नेशियमची असतात. ती घासून उघडी पडली की रासायनिक लेप आणि रंग यांनी लवकर झाकावी लागतात, नाहीतर हवेतील ओलाव्याने पुन्हा खराब होतात. शिवाय त्या धातूचा कीस ठिणगीने पेट घेतो, आणि त्यावर पाणी ओतले तर आग अधिकच भडकते. तांब्यापितळेला आगीचे हे भय नाही. तेथे धोका पोटातून येतो.

उघड्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. आंबट पदार्थ तांबे विरघळवतो आणि त्याने मळमळ, वांती होऊ शकते. म्हणूनच स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथिलाचा थर देतात. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून मळ काढतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवतो. नवसागराचा धूर घशाला व डोळ्यांना झोंबतो, म्हणून हे काम घरात करून पाहू नये. कारागिराकडूनच उघड्यावर करून घ्यावे. कथील निर्भेळ आहे ना, हे आवर्जून विचारावे. त्यात शिसे मिसळलेले असेल, तर ते अन्नातून शरीरात जाते आणि लहान मुलांना विशेष अपायकारक ठरते.

कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोरडे भाजणे अशा भांड्यात वर्ज्य. डाव लाकडी असावा आणि आतून तारेच्या घासणीने घासू नये. आत लालसर किंवा पिवळा धातू दिसू लागला, की पुन्हा कल्हई करण्याची वेळ झाली असे समजावे. काशाच्या भांड्याला मात्र कल्हई करीत नाहीत.

कल्हईवाले आता सहसा दारावर येत नाहीत. चार घरांनी भांडी एकत्र काढली, तर त्यालाही येणे परवडते आणि काम डोळ्यांसमोर होते. त्याला भांडे देताना नावाची जागा बोटाने दाखवून सांगावे, की आतून कल्हई करा, पण बाहेरून या अक्षरांना हात लावू नका.